माझ्या शिव्या फिनलंडला गेल्या

भिवंडीच्या बायका फिनलंडला जात नाहीत. मक्केला उमऱ्याला जातात, दुबईला लेकीच्या बाळंतपणाला जातात, फारच हौस असली तर माथेरानला जाऊन घोड्यावर बसून फोटो काढतात. मी फिनलंडला गेले. परत आल्यापासून मोहल्ल्यातली एकूण एक बाई मला विचारतेय, "मुमताज आपा, तिकडे काय बघितलंस?" बर्फ बघितलं, एवढंच मी सगळ्यांना सांगितलंय. खरं काय बघितलं ते एकदाचं लिहून टाकते, म्हणजे माझ्या तोंडाला जरा आराम.

पण त्याआधी माठाचा कोपरा सांगायला हवा. तो कळला नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना घराला लागूनच आहे. लूम चालू असले की आत माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंती केव्हाच बहिऱ्या झाल्यात. शेठही झालेत, पण कबूल करत नाहीत. शेठ म्हणजे आमचे हे, याकूबशेठ. सगळी भिवंडी त्यांना शेठ म्हणते म्हणून मीही म्हणते. डॉक्टरने त्यांना कानाची मशीन लावायला सांगितली, तर ह्यांनी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, तेव्हा म्हणाले, "आजकालचे डॉक्टर काय शिकून येतात कोण जाणे."

तर, कारखान्यात बोलायचं म्हणजे एकमेकांचे ओठ वाचायचे. कारागीर उत्तर प्रदेशातून येवो नाहीतर बिहारमधून, महिन्याभरात ओठ वाचायला शिकतो. त्यामुळे एखादी गोष्ट कुणाला कळू द्यायची नसेल, तर लूम चालू असताना तोंड भिंतीकडे करायचं आणि खुशाल बोंबलायचं. याच्यापेक्षा सुरक्षित जागा जगात नाही.

माझी जागा माठापाशी. रोज दुपारी शेठचा डबा पोचवायचा आणि कोपऱ्यातला माठ भरायचा, हे माझं काम. चष्म्यावर पाणी उडतं म्हणून तो काढून कमरेला खोचायचा, कारखान्याकडे पाठ करायची आणि कळशी रिकामी होईपर्यंत जे काय पोटात असेल ते ओकून टाकायचं. माठाच्या वर एक जुना आरसा आहे, शिफ्ट सुटली की कारागीर त्यात बघून केस विंचरतात. त्याच्यावर कापसाचे तंतू असे बसलेत की त्यात केस दिसतात की दाढी, ते त्यांनाच माहीत. मी त्याच्याकडे कधी बघितलं नाही. मी माठाकडे बघून बोलायचे. नणंदेबद्दल, किचनमधल्या गळक्या नळाबद्दल, आणि जास्त करून शेठबद्दल. "मेल्या, तुझा मुडदा बशिवला" ही शिवी मी शेजारच्या वडपे गावच्या भाजीवालीकडून शिकले, आणि ती बोलून झाली की जेवण कसं छान पचतं.

गंमत अशी की त्या कोपऱ्यात बरकत होती. नळाबद्दल बोलले, आठ दिवसांत प्लंबर दारात. मिक्सरबद्दल बोलले, ईदच्या आधी मिक्सर घरात. नणंद दोन महिने राहायला आली होती. मी कोपऱ्यात रडून घेतलं आणि त्याच आठवड्यात शेठ स्वतः तिला पनवेलला सोडून आले. घरी मी ह्यांच्याजवळ कधी काही मागत नाही. ह्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?" की माझं ठरलेलं उत्तर, "काय नाय." त्यामुळे मला वाटलं, वरच्यालाच माझी दया येते. एकदा तर मी माठापाशी अगरबत्तीही लावली. एक कारागीर म्हणाला, "भाभी, यहाँ कौन दफन है?"

आता गौरी. आमच्या मुलांना शाळेत गणित शिकवायच्या त्या कुलकर्णी बाईंची मुलगी. ती माहितीपट बनवायला शिकून आली. माहितीपट म्हणजे असा पिक्चर, ज्यात कुणी नाचत नाही आणि माणसं खरीच घामेजलेली असतात. तिने आमच्या कारखान्यावर पिक्चर काढायचं ठरवलं आणि कॅमेरा घेऊन इतके महिने येत राहिली की शेवटी ती आणि लूम यांत आम्हाला फरक वाटेनासा झाला. एक दिवस तिने माझ्या ओढणीला तुरीच्या दाण्याएवढा माईक लावला. "मावशी, असू दे." म्हटलं, असू दे बाई. एवढ्या गोंगाटात हा दाणा काय ऐकणार आहे?

नेमकी त्याच दिवशी मी पेटलेली होते. सकाळी धामणकर नाक्यावर शेठ टेम्पोखाली येता येता वाचले. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि हे आपले मधोमध चाललेत, बागेत फिरल्यासारखे. शेवटी केळीवाल्याने कॉलर धरून मागे ओढलं. घरी येऊन म्हणतात, "काही झालं नाही. टेम्पोवाल्याला गाडी चालवता येत नाही." मी कोपऱ्यात गेले आणि माठ भरायच्या आधीच सुरू झाले. बहिरा म्हटलं, हट्टी म्हटलं, भाजीवालीची शिवी दोनदा घातली. मग रडायला यायला लागलं आणि मी ओरडले, "एक दिवस मी हाका मारत मारत मरून जाईन आणि या माणसाला ऐकू येणार नाही!"

आणि "मरून जाईन"ला लाइट गेली.

लूम खटकन बंद. माझं उरलेलं वाक्य अख्ख्या कारखान्यात घुमलं. कारागीर लूममध्ये इकडून तिकडे पळणारे सुताचे धोटे हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी चष्मा चढवून वळले, तर शेठ टेबलावर मान खाली घालून कापडाचा ताका तपासत होते. म्हटलं, अल्लाचे उपकार, बहिरा नवरा दिला.

धामणकर नाका, निघण्याआधी

पुढे एक दिवस गौरी नाचत आली. पिक्चर फिनलंडमधल्या एका आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेला निवडला गेला होता, आणि महोत्सववाले तिच्याबरोबर शेठला आणि मलाही बोलावत होते. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला. "भिवंडीची शान, याकूबशेठ यांचे हार्दिक अभिनंदन." शेठ गॉगल लावून. गौरीचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. माझा नव्हताच. शेठ रोज चहाच्या निमित्ताने त्या बॅनरखाली जाऊन उभे राहायचे, म्हणजे कुणाला ओळखायला त्रास नको.

मी गौरीला बाजूला घेतलं. "गौरी, तो माझा माठाचा भाग आहे का गं त्यात?"

"मावशी, तोच तर पिक्चर आहे!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मला आधी दाखवायचं ना!"

"दाखवायला आले होते की. लॅपटॉप उघडला, तुम्ही बोंबील तळत होतात, मग लाइट गेली. तुम्ही म्हणालात, छान आहे, पाठवून दे."

म्हणाले होते खरी. मी तिला सांगितलं, शेठला त्यांच्या माघारी मी काय काय बोलते ते चारचौघांत कळलं तर माणूस तुटेल. आयुष्यात त्यांनी मला एका शब्दाने दुखावलेलं नाही, आणि मी जगासमोर त्यांना बहिरा म्हणून दाखवायचं? गौरी म्हणाली, "मावशी, तुम्ही नको म्हणालात तर मी पिक्चर स्पर्धेतून मागे घेते. आत्ता फोन करते." आणि खरंच फोन काढला. कुलकर्णी बाईंनी पेन्शनमधून तिला कॅमेरा घेऊन दिला होता, ते मला माहीत होतं.

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. आवाज शेठला ऐकू येणार नाही. खाली इंग्रजी अक्षरं येतील, पण शेठ पहिला शब्द वाचेपर्यंत वाक्य निघून गेलेलं असेल. राहिले ओठ. पण मी तर भिंतीकडे तोंड करून उभी होते! कॅमेऱ्याला दिसून दिसून काय दिसणार, माझी पाठ आणि वेणी.

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "जाऊ दे फिनलंडला."

वडपे ते बर्फ

विमानतळावर सोडायला वडप्याचा बाळाराम आला. त्याची जमीन गोडाऊनला गेली, त्याच्या पैशात त्याने गाडी घेतली, आणि आता ती गाडी त्याच गोडाऊनच्या कंटेनरांमागे तासन् तास उभी असते. त्या दिवशीही उभी राहिली. बाळाराम म्हणाला, "ताई, तिकडं सगळीकडं बरफच हाय ना? मंग लोकांच्या घरात फ्रीज न्हाय?" मी म्हटलं, बघून सांगते. बघितलं. आहे. बाहेर बर्फ, आत फ्रीज, आणि फ्रीजच्या बर्फात ठेवलेलं आइस्क्रीम ते लोक थंडीत उभं राहून खातात. बाळारामला सांगितलं तर म्हणाला, "येडीच हायेत."

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, सुजलो, उतरलो.

गाव लहानसं, तळ्याकाठचं. तळं गोठलेलं. एके काळी तिथेही कापडाच्या गिरण्या होत्या, त्यातल्याच एका गिरणीत आता महोत्सव भरतो. पण त्या गावाची पहिली ओळख म्हणजे शांतता. भिवंडीत एवढी शांतता झाली की आम्ही समजतो, दंगल झाली नाहीतर फ्यूज उडाला. रस्त्यावर माणसं होती, पण बोलत नव्हती. गाड्या होत्या, पण हॉर्न नव्हता. शेठ म्हणाले, "बघ, इथे सगळेच माझ्यासारखे आहेत." आणि लगेच सावरून म्हणाले, "म्हणजे सभ्य."

आम्ही दोघं सवयीने कारखान्यातल्यासारखं बोलत होतो, म्हणजे ओरडत. हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी घाबरून विचारायला आली, काही भांडण झालंय का. गौरीने तिला समजावलं, "नाही, ते चहाबद्दल बोलतायत." त्या शांततेत झोपही येईना. भिवंडीत लूम बंद पडले की आम्हाला जाग येते, इथे तर लूमच नव्हते. शेवटी बाथरूमचा पंखा चालू ठेवला, तेव्हा कुठे डोळा लागला.

बसस्टॉपवर तिकडचे लोक एकमेकांपासून इतक्या लांब उभे राहतात की मध्ये एक लग्न लावता येईल. आपल्याकडे शेअर रिक्षात अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून जायची सवय. मी आपली माणुसकीने एका बाईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ती जरा सरकली. मला वाटलं, मला जागा करून देतेय, म्हणून मीही सरकले. ती परत सरकली. असं करत करत आम्ही दोघी स्टॉप सोडून पुढच्या दुकानापर्यंत गेलो आणि दोघींचीही बस चुकली. तेव्हा ती हसली. पुढे चारही दिवस दिसली की लांबूनच हात करायची.

खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, पण त्यांची काळी भाकरी चक्क आपल्या नाचणीच्या भाकरीची आतेबहीण निघाली, आणि तळ्यातले छोटे मासे पिठात घोळवून तळतात ते अगदी मांदेलीसारखे. मी बरोबर नेलेली सुकटीची चटणी लावून खाल्ले. महोत्सवातल्या एका मुलीने चटणी चाखली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाली छान. तिने त्याच्या बदल्यात मला एक काळी गोळी दिली, तिथली लाडकी मिठाई. तोंडात टाकली आणि या अल्ला! आपल्याकडे भांड्यांना कल्हई लावताना नवसागर टाकतात ना, तोच! तिखट, खारट, नाकात जाणारा नवसागर, आणि हे लोक तो लहान मुलांना खाऊ म्हणून देतात. थुंकायला जागा सापडेना, सगळीकडे पांढरंशुभ्र बर्फ. शेठला मात्र ती गोळी आवडली. त्यांनी पाकीटच विकत घेतलं.

शेठला आवडलेली दुसरी गोष्ट म्हणजे सौना. लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी टाकतात आणि वाफेत गप्प बसतात. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. मी बाहेरूनच हात जोडले. शेठ लुंगी लावून आत गेले. बाकीचे सगळे जसे जन्मले तसे बसले होते म्हणे, त्यामुळे लुंगीवाला एकटा हाच विचित्र दिसला. बाहेर आले ते टोमॅटोसारखे लाल आणि खूश. "काही नाही गं, आपलं सायझिंगच आहे," म्हणाले. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, मे महिन्यात तिथे उभं राहिलं की जीव उकडून निघतो. "आणि कुणी काही बोलत नाही. म्हणजे ऐकायचाही त्रास नाही."

मला मात्र कोपरा नव्हता. चार दिवसांचं सगळं पोटात साठत होतं. बाथरूममध्ये नळ सोडून बोलायला गेले, तर नळातून लगेच कढत पाणी आलं, बोट भाजलं. पण त्या पाण्याने मन जिंकलं. घरच्यासारखी चूल नाही, पातेलं नाही, नळ फिरवला की गरम पाणी. मी तिथे दोनदोनदा अंघोळी केल्या.

गिरणीतला पडदा

स्पर्धेत जगभरातले पिक्चर होते. आम्ही सगळे बघितले, फुकट होते आणि आत हीटर होता. एकात एक म्हातारा रोज सकाळी जाऊन तळ्यावरच्या बर्फाची जाडी मोजतो. मोजतो, घरी येतो, सूप पितो. एवढंच. शेवटी बर्फ वितळतं आणि त्याला करायला काही उरत नाही, तेव्हा मी रडले. दुसऱ्यात एक बाई आणि तिच्या मेंढ्या. त्या बाईपेक्षा मेंढ्याच जास्त बोलत होत्या. तिसऱ्यात तीन तास नदी वाहत होती. शेठ त्याच्यात घोरले, आणि उठून म्हणाले, "पोचली का समुद्राला?"

प्रत्येक पिक्चर झाला की बनवणारे आणि त्यातली माणसं स्टेजवर जाऊन प्रश्नांची उत्तरं देतात. नको नको म्हणताना आमचा दिवस उजाडला. म्हणजे उजाडला असं म्हणायचं, तिकडे थंडीत नीट उजाडतच नाही.

हॉल गच्च भरलेला. शेठने नवा कोट घातला होता, जणू त्यांनाच सेहरा बांधायचा होता. मी त्यांच्या डाव्या बाजूला, गौरी माझ्या बाजूला. अंधार झाला, आणि लूम सुरू झाले.

काय सांगू! चार दिवसांच्या त्या मुक्या गावात एकदम आपला कारखाना! पुढच्या रांगेतल्या दोघांनी कानांवर हात ठेवले. माझे डोळे भरून आले. शेठ पायाने ताल धरायला लागले. पडद्यावर धोटे पळत होते, कारागीर तुटलेल्या धाग्याला गाठ मारत होते, शेठ चार मिनिटं रुबाबात ताका तपासत होते. मग माठाचा कोपरा आला. माझी पाठ, माझी वेणी. म्हटलं, वाचले.

आणि कॅमेरा जरा वर सरकला.

आरशात मी होते. पूर्ण तोंड. मेंढीवाल्या बाईएवढं, तळ्यावरच्या म्हाताऱ्याएवढं, भिंतीएवढं माझं तोंड! कापसाने पांढऱ्या झालेल्या त्या आरशाच्या मधोमध बशीएवढी जागा लख्ख पुसलेली, आणि त्या बशीत माझे ओठ "मेल्या, तुझा मुडदा बशिवला" म्हणत होते. खाली त्याचं इंग्रजी आलं. काय भाषांतर केलं होतं गौरीने कोण जाणे, पण चार दिवस न हसलेली ती माणसं खदाखदा हसली.

मी शेठचं लक्ष उडवायला काय नाही केलं! पर्स पाडली. खोकले. त्यांच्या तोंडापुढे नवसागराची गोळी धरली. म्हटलं, मला चक्कर येतेय. त्यांनी माझा हात धरून खाली ठेवला आणि पडद्यावरून नजर काढली नाही. शेवटी धीर करून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मीही कारखान्यातलीच आहे, मला वाचता आलं. पडद्यावर मी "हट्टी" म्हणायच्या आधी त्यांच्या ओठांवर "हट्टी" येत होतं. मी "बहिरा" म्हणायच्या आधी "बहिरा". पाठ होतं त्यांना सगळं. माझ्या शिव्यांचा क्रमसुद्धा पाठ होता!

मग मी पहिल्यांदा पडदा नीट बघितला. कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघितलं. खाली टेबलाची कड दिसत होती, त्याच्यावर ताका, आणि ताक्यावर एक हात. अंगठीवाला. शेठचा. गौरीने कॅमेरा शेठच्या खुर्चीपाशी ठेवला होता, आणि शेठच्या खुर्चीतून त्या आरशात माझं तोंड दिसत होतं. त्या दिवशीच नव्हे. रोज दिसत असणार. नळाच्या दिवशी. मिक्सरच्या दिवशी. नणंदेच्या दिवशी.

पडद्यावर मी रडायला लागले. "एक दिवस मी हाका मारत मारत मरून जाईन..." आणि लूम बंद झाले. हॉलमध्ये सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत माझा फाटका आवाज, "...आणि या माणसाला ऐकू येणार नाही!" पडद्याच्या कोपऱ्यात ताक्यावर फिरणारा तो अंगठीवाला हात थांबला. बराच वेळ थांबला. मग उगीचच पुन्हा ताका तपासायला लागला.

माझ्या शेजारी शेठने चष्मा काढून डोळे पुसले. लोकांदेखत.

स्टेजवर आम्हाला बोलावलं. पांढऱ्या भुवयांच्या एका उंच माणसाने शेठला विचारलं, आणि गौरीने त्यांच्यासमोर तोंड नीट हलवून मराठीत सांगितलं, "काका, ते विचारतात, बायको तुमच्याबद्दल एवढं बोलते हे बघून तुम्हाला काय वाटलं?"

शेठने माईक हातात घेतला. तो जिलबीसारखा तोंडाजवळ धरला आणि कारखान्याच्या आवाजात म्हणाले, "नवीन काय नाय. हे सगळं मी कधीचं वाचतोय. पण आमच्या लूममध्ये हिचा आवाज कुठे यायचा? तो आज ऐकला. मोठा लावला होता ना, म्हणून. पहिल्यांदा ऐकला."

गौरीला त्याचं इंग्रजी करता येईना. तिने दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. मग ते लोक न कळताच टाळ्या वाजवत राहिले.

तळ्यावर

संध्याकाळी आम्ही दोघं तळ्याकाठच्या रस्त्याने चालत निघालो. मी मुद्दाम त्यांच्या समोर उलटी चालत होते, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल.

"तो आरसा कोण पुसतं?" मी विचारलं.

"मी. सकाळी, तू यायच्या आधी."

"म्हणजे नळ, मिक्सर... आणि मी तिथे अगरबत्ती लावली!"

"लावलीस खरी. मला फार बरं वाटलं," शेठ म्हणाले. लाज वाटावी की माणसाला!

"मग एवढं वाचत होतात, तर मी मशीन मशीन म्हणून तिथे डोकं फोडून घेत होते, ते नाही वाचलंत?"

शेठ म्हणाले, "मशीन लावली असती तर तू म्हणाली असतीस, आता ह्यांना ऐकू येतं. मग कोपऱ्यात गेली असतीस का तू? घरी विचारलं तर काय नाय, काय नाय. एवढंच बोलतेस तू घरी. माझ्याशी खरं बोलायचीस ती तिथेच."

इतक्यात ह्यांच्या मागून रस्त्यावरचं बर्फ उचलणारी गाडी आली, पिवळी, दिवे फिरवत, मोठ्ठा भोंगा वाजवत. अख्ख्या फिनलंडमध्ये चार दिवसांत वाजलेला एकच हॉर्न, आणि तोही शेठच्या मागे, आणि शेठ मधोमध. मी कोट धरून असं ओढलं की आम्ही दोघंही कडेच्या बर्फात आडवे झालो. गाडी निघून गेली. शेठ बर्फात पडल्या पडल्या माझ्या तोंडाकडे बघत होते. मी भाजीवालीची शिवी दिली. समोर, तोंडावर.

"बरं," शेठ म्हणाले. "लावतो मशीन."

बक्षीस मेंढ्यांना मिळालं. गौरी जरा रडली, मग तिने सुकटीची चटणी नुसतीच खाल्ली आणि बरी झाली. मला विचाराल तर बर्फवाल्या म्हाताऱ्याला मिळायला हवं होतं, पण मला कोण विचारतो?

पुन्हा भिवंडी

नाक्यावर बॅनर अजून होता. केळीवाल्याने विचारलं, "शेठ, इनाम मिला क्या?" शेठ म्हणाले, "मिला ना," आणि पुढे काही सांगितलं नाही.

शेठने कानाची मशीन घेतली. पहिल्या दिवशी मोठ्या थाटात ती लावून कारखान्यात शिरले आणि दोन्ही हात डोक्यावर धरून बाहेर पळाले. "अगं, हे एवढं वाजतं?" तेव्हापासून बाहेर जाताना मशीन कानात असते, घरी असते, नाक्यावर तर असतेच. कारखान्यात शिरताना मात्र ते ती काढून डबीत ठेवतात आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसतात.

काल दुपारी मी कळशी घेऊन कोपऱ्यात गेले. म्हटलं, आज आरसा काढूनच टाकते, हवी कशाला ही चोरी? ओढणीचं टोक हातात घेतलं, म्हटलं काढायच्या आधी निदान पुसावा. पुसलेला होता. मधोमध बशीएवढा, लख्ख. मी कमरेचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आरशात लांब, लूमच्या पलीकडे, शेठ ताका तपासायचं सोडून माझ्याकडे बघत बसले होते.

मी कळशी खाली ठेवली, आरशात तोंड नीट धरलं आणि ओठ सावकाश हलवून म्हटलं, "गीझर."